कोबेच्या चढावरची दिवाळी, १९३६

तुमची बोट कोबेच्या धक्क्याला लागते तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं. नोव्हेंबर १९३६. मुंबई सोडल्याला महिना होत आला. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय ही बंदरं मागे पडली. डेकवर आलात की आधी डोंगर दिसतो. रोक्कोची रांग समुद्राच्या इतकी जवळ आली आहे की शहराला रुंद व्हायला जागाच नाही. नऊ लाखांहून जास्त माणसं त्या चिंचोळ्या पट्टीत राहतात, आणि पट्टी अपुरी पडली तशी घरं चढावर चढत गेली आहेत. तुम्हाला जायचं आहे ते घर चढावरच आहे.

पण उतरायची घाई करू नका. बोटीच्या पोटातून कापसाच्या गाठी बाहेर येताहेत, त्या बघा. एकेक गाठ ४०० पौंडांची, तागाच्या बारदानात दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. एका गाठीचं बारदान कोपऱ्यावर फाटलं आहे आणि आतला पिवळट, आखूड धाग्याचा कापूस बोटभर बाहेर डोकावतो आहे. धक्क्यावरचा हमाल जाता जाता तो अंगठ्यानं आत दाबतो आणि पुढच्या गाठीकडे वळतो. हा कापूस वऱ्हाडातला. अमरावती, अकोला, खामगावच्या जिनांतून निघालेला, जगाच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाणारा. गेल्या हंगामात कुण्या बाईनं ओटीत वेचलेला कापूस आता ओसाकाच्या गिरण्यांत जाईल, त्याचं सूत होईल, सुताचं कापड होईल आणि त्यातलं काही पुन्हा मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात येऊन पडेल. हिंदुस्थानच्या कच्च्या कापसाचं या काळातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान आहे.

तुम्ही ज्या वाटेनं आलात ती वाटही आपल्याच माणसानं उघडली. मुंबई ते जपान मालवाहतूक ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होती आणि भाडं ती ठरवेल ते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, निप्पॉन युसेन कंपनीशी त्यांनी जुळवून घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘हिरोशिमा मारू’ ही बोट कोबेहून मुंबईला निघाली. जपानी कंपनीची ही पहिली दूरदेशीची नियमित फेरी. ब्रिटिश कंपनीनं भाडी पाडून ती बुडवायचा जोरदार प्रयत्न केला. ती बुडली नाही. गाठी गेल्या, मागून माणसं गेली, आणि माणसांच्या मागून, बऱ्याच वर्षांनी, बायकामुलं. मला या तिसऱ्या खेपेबद्दल सांगायचं आहे.

जकातीच्या कचेरीत तुमचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला जातो. त्यावर तुम्ही ब्रिटिश प्रजाजन आहात. पोलीस विचारतो : कुठे उतरणार, कुणाकडे, किती दिवस, कशासाठी. प्रश्न अदबीनं विचारतो, पण उत्तरं वहीत उतरवून घेतो. मग टॅक्सी. शहरात कुठेही एका येनमध्ये नेणाऱ्या या गाड्या आहेत. डावी-उजवीकडे दगडी बँका आणि बोटकंपन्यांच्या इमारती. १८६८ मध्ये बंदर परदेशी व्यापाराला उघडलं तेव्हा आखलेली ही परदेशी वसाहत. ती ओलांडली की मोतोमाचीचा बाजार, त्याच्या कडेला चिनी दुकानांची नानकिनमाची, आणि मग तोर रोडचा सरळ चढ. गाडी धापा टाकत कितानोच्या भागात येते.

घर लाकडी, दुमजली, फळ्यांच्या भिंतींचं, हिरव्या झडपांचं. कुण्या युरोपियन व्यापाऱ्यानं बांधलेलं, आता भाड्यानं दिलेलं. दारात उतरलात की आधी हिंगाचा वास येतो.

हे घर हैदराबादच्या सिंध्यांचं आहे. सिंधमधल्या हैदराबादच्या. तिथल्या पेढ्यांची जाळी कैरो, जिब्राल्टरपासून सिंगापूर, शांघायपर्यंत पसरली आहेत, आणि जपान हे त्यांचं रेशमाचं माहेर. आधी ही मंडळी योकोहामाला होती. १ सप्टेंबर १९२३ च्या दुपारी बाराच्या सुमाराला भूकंप झाला, योकोहामा कोसळलं आणि जळलं, आणि वाचलेल्या पेढ्यांपैकी पुष्कळांनी बिऱ्हाड कोबेला हलवलं. योकोहामानं नंतर त्यांना परत बोलावलं, काही गेलेही; पण कोबेत जे रुजले ते रुजले. घरचे यजमान एका पेढीच्या इथल्या शाखेचे मॅनेजर आहेत. पेढीची पोरं त्यांना ‘दादा’ म्हणतात, तुम्हीही दादाच म्हणा. त्यांच्या पत्नीला भाभी.

दादा इथे प्रथम आले तेव्हा एकटे होते. पेढीचा करार अडीच-तीन वर्षांचा. तेवढा काळ दुकानाच्या वरच्या माळ्यावर पाच-सहा जणांत झोपायचं, एकच आचारी, पगार घरी पाठवायचा, मुदत संपली की काही महिने हैदराबादला जाऊन यायचं. एका पुरुषाच्या ऐन उमेदीची वीस वर्षं अशी जात आणि मुलं बापाला पाहुणा म्हणून ओळखत. मॅनेजर झाल्यावर दादांनी भाभींना आणलं. ‘बाईमाणूस परदेशात कशी राहील’ असं हैदराबादेत सगळे म्हणत होते. भाभी कशी राहते ते आता तुम्ही बघणारच आहात.

सकाळी रेडिओवर कवायत सुरू होते. १९२८ पासून साऱ्या देशात एकाच तालावर चाललेली ही कवायत या घराचा सात वर्षांचा मुलगाही दिवाणखान्यात करतो, तोंडानं जपानी आकडे मोजत. नऊ वर्षांची मुलगी वेणी घालून घेताना आईशी सिंधीत भांडते, तिथूनच स्वयंपाकघरातल्या ओबासानला जपानीत काहीतरी विचारते, आणि तुमच्याकडे वळून इंग्रजीत सुप्रभात म्हणते. ओबासान म्हणजे कामाला येणारी साठीची बाई. भाभीला ती ‘ओकुसान’ म्हणते, बाईसाहेब म्हणावं तसं, पण हिंग किती घालायचा हे तीच आता भाभीला सांगते.

आज भाभीबरोबर बाजारात जा. कोबेत १९१८ मध्ये तांदळाच्या भावावरून दंगली पेटल्या. सुझुकी या बड्या व्यापारी कंपनीची कचेरी लोकांनी जाळली. त्यानंतर महापालिकेनं ठिकठिकाणी सार्वजनिक बाजार काढले, भाव पाटीवर लिहिलेले. भाभीला भाषा अर्धी येते, पण पाटीवरचे आकडे पूर्ण येतात. ती लांबलचक पांढरा मुळा घेते, चांगला जाड. त्याचा पाला टाकू नका असं दुकानदाराला खुणेनं सांगते. पालक घेते. वांगी घेत नाही, हंगाम संपला. मग एका टोपलीपाशी थांबते आणि तिचा चेहरा उजळतो.

टोपलीत चिखलानं माखलेली कमळकाकडी आहे. सिंध्यांची ‘भें’, जपान्यांचं ‘रेन्कोन’. सिंधू नदीकाठच्या तळ्यांत जे निघतं, ज्याच्याशिवाय सिंधी घरात पाहुण्याचं ताट पुरं होत नाही, तेच इथे शेकडो वर्षं खाल्लं जातं. दुकानदार एक दांडा मधोमध कापून दाखवतो. भोकं मोजून घ्या, दहाच्या आसपास असतात. कापल्या जागी बोट लावलंत तर कोळिष्टकासारखे बारीक चिकट धागे ताणले जातात. भाभी नखानं साल खरवडून बघते. ‘आमच्याकडची लांब आणि बारीक असते, ही आखूड आणि जाडी,’ ती म्हणते, ‘पण शिजवायला जरा वेळ दिला की तीच चव.’ पहिल्या वर्षी इथे आल्यावर ती रडायची, हे तिनं नंतर सांगितलं. भाषेसाठी नव्हे, माहेरासाठीही नव्हे. रोज काय रांधायचं ते कळेना म्हणून. कमळकाकडी दिसली त्या दिवशी तिनं दादांना सांगितलं, आता राहते मी.

बाकीचं जमवावं लागतं. मसाले आणि पापड बोटीतून येतात, खलाशांच्या हाती आणि नव्यानं येणाऱ्याच्या ट्रंकेत. तुमच्या ट्रंकेतही आहेत आणि त्यांचीच आज वाट पाहिली जाते आहे. तूप लोण्याचा डबा आणून घरी कढवायचं. गव्हाची कणीक मिळत नाही, मिळतो तो मैदा, त्यामुळे पोळी हैदराबादची होत नाही. मूग नानकिनमाचीत मिळतात, चिनी लोक मोड आणायला ठेवतात. तांदूळ चिकट, पुलाव होत नाही म्हणून भाभीनं पुलाव करणंच सोडलं आहे.

दुपारी दादांच्या पेढीवर चक्कर मारा. लांब मेजावर नमुन्यांची पुस्तकं उघडी आहेत. पानापानांवर करवती कातरीनं कापलेले कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले : फुकुईचं हाबुताए रेशीम, क्रेप, आणि हल्ली सगळ्यांत जास्त रेयॉन. एका बाजूला जपानी कारकून, बांतो-सान, लाकडी मण्यांच्या गणकावर बोटं नाचवतो. दुसऱ्या बाजूला दादा त्यांच्या मोडी वळणाच्या सिंधी व्यापारी लिपीत खतावणी लिहितात. दोघांची बेरीज जुळली की बांतो-सान मान लववतो. एकमेकांची लिपी वाचता येत नसताना या दोघांनी वर्षानुवर्षं लाखोंचा व्यवहार सांभाळला आहे.

दादा आज जरा गप्प आहेत. कारण समजून घ्यायला तीन वर्षं मागे जावं लागेल. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली; निशाण्यावर जपान होतं. जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. कोबे आणि ओसाकातल्या त्या एका निर्णयानं वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या दाराशी गाठी पडून राहिल्या. शिमला आणि दिल्लीत महिनोन्‌महिने बोलणी झाली आणि १९३४ मध्ये करार झाला : जकात ५० टक्के, जपान जितका कापूस घेईल तितकं कापड त्याला हिंदुस्थानात विकता येईल. १० लाख गाठी घेतल्या तर ३२ कोटी ५० लाख वार, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार आणि त्यापुढे नाही. मला हा करार आपल्या शेतीच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान वाटतं. कापसाच्या भावावर आपण आजही भांडतो, पण हे पान क्वचितच उघडतो. कराराची मुदत येत्या मार्चअखेर संपते. पुढे काय, हे दादांना ठाऊक नाही. मुलीच्या शाळेची फी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

दादांच्या मेजावर ‘जपान क्रॉनिकल’ पडलेलं असतं, कोबेतूनच निघणारं इंग्रजी दैनिक. या फेब्रुवारीत तोक्योत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं, मंत्र्यांना घरात शिरून मारलं. तेव्हापासून रस्त्यावर गणवेश वाढले आहेत. साध्या वेशातला पोलीस महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो, चहा घेतो, कोण आलं कोण गेलं विचारतो. इंग्रज वकिलातीचंही हिंद्यांवर लक्ष आहे, कारण याच शहरात आनंदमोहन सहाय काँग्रेसची शाखा चालवतात. भागलपूरचे, राजेंद्रबाबूंच्या तालमीतले. त्यांची १९२८ मध्ये कोबेत जन्मलेली मुलगी आशा आज आठ वर्षांची आहे. पुढे ती आझाद हिंद फौजेच्या झाशीच्या राणी पलटणीत जाईल. व्यापारी मंडळी सहायांना वर्गणी देतात आणि नाव लिहू नका म्हणतात. दोन्ही बाजूंच्या पोलिसांत राहून धंदा करणाऱ्यांना याहून जास्त धाडस जमत नव्हतं, आणि तेवढं त्यांनी केलं याची नोंद ठेवली पाहिजे.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन. भाभी कपाटाच्या वरच्या खणातून जुन्या रेशमी चिंधीत गुंडाळलेली मातीची हटडी काढते. हटडी म्हणजे मातीचं इवलंसं दुकान. सिंधी घरात दिवाळीला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक मांडायची, तीत लाह्या-मिठाई भरायची, म्हणजे दुकान वर्षभर भरलेलं राहतं. हैदराबादहून दोन आणल्या होत्या, एक बोटीत फुटली. ओबासाननं गेल्या वर्षी फुटकीचे तुकडे भाताच्या खळीनं जोडून दिले. सांधे दिसतात, पण उभी राहते. शेवेच्या मिठाईसाठी भाभीनं बाटलीबंद दूध तीन तास आटवलं आहे. संध्याकाळी शेजारचं गुजराती कुटुंब येतं, पेढीवरची एकटी पोरं येतात. त्यांतला एक एकोणीस वर्षांचा आहे, पहिल्यांदाच घराबाहेर दिवाळी. भाभी त्याला दुसऱ्यांदा वाढते, तिसऱ्यांदा वाढते, आणि तो खाली बघून खात राहतो.

घर लाकडाचं म्हणून पणत्या खिडकीत नव्हे, दगडी पायरीवर ओळीनं लावतात. तोफूवाला शिंग वाजवत चढ चढतो, पणत्या बघून थांबतो आणि भाभीला काही विचारतो. मुलगी उत्तर देते. तो टोपी काढून पणत्यांना वाकतो. खाली सगळं शहर आणि पलीकडे बंदरातल्या बोटींचे दिवे.

रविवार मोकळा. या शहरात रविवारी घरात बसणं मुलांना शिक्षा वाटते, आणि पर्याय तर किती! घरामागच्याच ओढ्यानं वर गेलं की नुनोबिकीचा धबधबा, मेपलची पानं या दिवसांत लाल झालेली. फुतातबीच्या टेकडीवर रोज पहाटे चढून चहाच्या टपरीतल्या वहीत सही करणारी माणसं इथे आहेत. ही सवय परदेशी रहिवाशांनी लावली आणि जपानी शेजाऱ्यांनी उचलली. रोक्कोवर तर १९३२ पासून तारेनं ओढली जाणारी गाडी दहा मिनिटांत पोचवते. वर ग्रूम नावाच्या इंग्रज चहा-व्यापाऱ्यानं १८९५ मध्ये पहिला बंगला बांधला आणि १९०३ मध्ये जपानचा पहिला गोल्फ क्लब काढला. उन्हाळ्यात सुमाचा किनारा. पण आज मुलांनी ताकाराझुका मागितलं आहे आणि दादांनी हो म्हटलं आहे.

चढ उतरून खाली येताना इकुता देवळाच्या वाटेवर किमोनोतली लहान मुलं दिसतात. आज १५ नोव्हेंबर. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना देवाला नेण्याचा दिवस. हातात लांब कागदी पिशवी, तीत गोड कांडी. दादांचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो पिशवीकडे बघतो, मग आईकडे. भाभी क्षणभर विचार करते, देवळाच्या दारातून आत शिरते, पदर डोक्यावर घेते, मुलाला हात जोडायला लावते आणि बाहेर येऊन त्याला ती कांडी घेऊन देते. दादा काही बोलत नाहीत. मला या बाईचं फार कौतुक वाटतं.

सान्नोमियाचं हांक्यू स्टेशन नवंकोरं आहे, याच एप्रिलमध्ये उघडलं. गाडी ओसाकाच्या उमेदाला २५ मिनिटांत पोचवते. उमेदाच्या स्टेशनावरच हांक्यूचं डिपार्टमेंट स्टोअर, १९२९ मध्ये सुरू झालेलं. इचिझो कोबायाशी या माणसानं आधी रेल्वे टाकली, मग रुळांच्या कडेनं घरं बांधून हप्त्यानं विकली, एका टोकाला नाटकशाळा उभारली आणि दुसऱ्या टोकाला दुकान. लोक कामाला जाताना त्याच्याच गाडीतून, सुटीला जातानाही त्याच्याच गाडीतून. मुंबईत लोकल आहेत, दुकानं आहेत, नाटकंही आहेत. पण सामान्य कारकुनाच्या कुटुंबाचा आख्खा रविवार कुणी असा विचार करून मांडला नाही.

वरच्या मजल्यावर भोजनगृह. पांढऱ्या चादरी घातलेल्या मेजांच्या रांगा, शेकडो कुटुंबं, आणि जवळजवळ प्रत्येक मेजावर करी-राइस. हळदीचा, मेथ्यांचा, जिऱ्याचा वास सगळ्या दालनात भरला आहे. हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलेली आणि इंग्लंडमार्गे जपानला आलेली ही करी. मुलगा ताटाकडे बोट दाखवतो. भाभी वाढणाऱ्या मुलीला विचारते, आत काय आहे. गाईचं मांस. म्हणजे घरचा वास आहे आणि खाता येत नाही.

पण दादांना यावरचा उपाय ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी मंदीत लोक इथे येऊन पाच सेनचा नुसता भात मागवत आणि मेजावरचा सॉस त्यावर ओतून जेवत. दुसऱ्या दुकानांनी अशा गिऱ्हाइकांना हाकललं. कोबायाशीनं मात्र नुसता भात मागवणाऱ्यांचं स्वागत आहे अशी जाहिरात केली आणि भाताबरोबर लोणचंही दिलं. आज गरीब असलेला उद्या बायकामुलांना घेऊन येईल, असा त्याचा हिशेब. दादा चार भात मागवतात, तुमचा पाचवा. भाभी पिशवीतून डबा काढते : कमळकाकडीची सुकी भाजी. शेजारच्या मेजावरची आजी वाकून बघते, ‘रेन्कोन?’ म्हणते. मसाला तिला अनोळखी आहे, भाजी नव्हे. भाभी चार चकत्या तिच्या बशीत घालते.

उमेदाहून ताकाराझुका. १९१४ मध्ये इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्यांची करमणूक म्हणून मुलींचं एक छोटं पथक सुरू झालं. आज चार हजार माणसं बसतील असं थिएटर आहे. गेल्या वर्षी जानेवारीत ते जळालं आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभं राहिलं. रंगमंचावर सगळ्या मुलीच. नायकही मुलगी, खलनायकही मुलगी, टोपी आणि काठी घेऊन नाचणारे साहेबही मुली. तुम्ही मुंबईहून आलात, बालगंधर्वांची रुक्मिणी पाहिलेल्या डोळ्यांनी. त्या डोळ्यांना हे लगेच समजतं. फरक प्रेक्षागृहात आहे. इथे तीन चतुर्थांश बायका आहेत, पुष्कळ शाळकरी मुली, कुणाला सोबत घेऊन आलेल्या नाहीत, एकट्या. भाभी अंधारात खुर्चीच्या काठावर येऊन बसते आणि पडदा पडेपर्यंत मागे टेकत नाही. परतीच्या गाडीत मुलगी खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरते. मोठी झाल्यावर मी इथे नाचणार, ती म्हणते. ‘हैदराबादेत काय सांगू?’ दादा विचारतात. ‘सांगा की कोबेत आहे,’ भाभी म्हणते.

सान्नोमियाला उतरल्यावर जर्मन दुकानातून केक घ्यायचा. युखाइम नवराबायको तेही १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामाहून इथे आले. पलीकडे क्रांतीतून निसटलेल्या रशियनांची चॉकलेटं. वर चढताना उजवीकडे मशिदीचे मनोरे. हिंदी, तातार आणि इतर मुसलमानांनी पैसे जमवून गेल्याच वर्षी, १९३५ मध्ये बांधलेली ही मशीद, जपानातली पहिली. बगदादी ज्यूंची पेढी खाली वसाहतीत आहे. त्यांची मुंबईतली घरं तुम्ही भायखळ्याला पाहिली असतील. आपापल्या गावाहून उठलेली इतकी माणसं एका चढावर शेजारी झाली आहेत.

इथून पुढची वर्षं मी तुम्हाला थांबू देणार नाही. जुलै १९३८ : तीन दिवस पाऊस, रोक्कोचा चिखल आणि धोंडे शहरात उतरतात, सहाशेहून जास्त बळी. जुलै १९४१ : मालमत्ता गोठवल्या जातात, हिंदुस्थानशी व्यापार थांबतो. बांतो-सान शेवटची बेरीज जुळवतो. ज्यांना बोट मिळाली ती कुटुंबं निघतात. ज्यांना मिळाली नाही ती राहतात, शत्रुराष्ट्राची प्रजा म्हणून. १७ मार्च आणि ५ जून १९४५ : विमानांतून आगीचे बाँब पडतात आणि लाकडी शहर जळून जातं. मशीद उरते. तिच्या तळघरात माणसं जीव वाचवून असतात. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं : भूकंप, साडेसहा हजारांच्या घरात माणसं जातात. मशीद तेव्हाही उभी राहते. मधल्या काळात हिंदी व्यापारी परतले, मोत्यांच्या धंद्यात गुजराती जैन आले, आणि १९८५ मध्ये त्यांनी कितानोत संगमरवरी देरासर बांधलं. आज तुम्ही गेलात तर त्याच चढावर शाळेतून येणारी भारतीय मुलं दिसतील, अजूनही तीन भाषांत बोलणारी.

वऱ्हाडातून किती गाठी कोबेला गेल्या, कोणत्या वर्षी, काय भावानं, याचे तक्ते छापलेले आहेत. हटडी कुणी जोडली आणि भातावर काय वाढलं हे कुठल्या तक्त्यात नाही; ते घरच्या पत्रांत, पाठीवर गावाचं नाव लिहिलेल्या फोटोंत आणि बायकांच्या आठवणींत आहे. मुंबईत, उल्हासनगरात, अकोल्या-खामगावच्या जुन्या जिनांच्या दप्तरांत तसं काही अजून सापडू शकतं. फाळणीत हैदराबाद सुटलं तेव्हा यांतली पुष्कळ कुटुंबं आपल्याकडेच आली. तुमच्या घरी, शेजारी, ओळखीत कोबेचा शिक्का असलेलं एखादं पाकीट निघालं तर ते रद्दीत घालू नका. घरात जी म्हातारी त्याबद्दल बोलू शकते, तिच्यापाशी या आठवड्यातच बसा आणि ती सांगेल ते लिहून घ्या.